लँडलॉर्ड म्हणतो नवा फ्रिज देतो, इथे सही करा : न्यूयॉर्कच्या रेंट स्टॅबिलाइझ्ड घरात राहणाऱ्यांनी काय बघायचं

२०२५ चा मार्च. मी कुकर लावलेला, दारावर टकटक, बघते तर आमचा सुपर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस, हातात दोन कागद आणि पेन घेऊन उभा. म्हणाला मॅनेजमेंट तुम्हाला नवा फ्रिज, नवा स्टोव्ह आणि नवीन कॅबिनेट्स देणार आहे, इथे फक्त सही करा. आमचा फ्रिज म्हणजे म्हातारा झालेला, दाराचं रबर निघालेलं, मी दोन वर्षं चिकटपट्टी लावून चालवत होते, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं चला देव पावला. पेन हातात घेतलंच होतं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले आणि कागद ओट्यावर ठेवून जरा वाचला. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात खर्च ९,००० डॉलर आणि खाली भाडेवाढ महिना ५० डॉलर. सुपरला म्हटलं राहू दे, नंतर देते. तो बिचारा गेला, त्याला काय, त्याला फक्त सह्या गोळा करायला पाठवलेलं.

तर हे सगळं त्या ५० डॉलरबद्दल आहे. मी वकील नाही, पण क्वीन्समध्ये १४ वर्षं एकाच रेंट स्टॅबिलाइझ्ड, म्हणजे भाडेवाढीवर सरकारी बंधन असलेल्या, बिल्डिंगमध्ये काढली आहेत आणि आजूबाजूच्या मराठी मंडळींची पत्रं वाचून देता देता बरंच डोक्यात बसलंय. दर गणपतीत कोणीतरी आरती झाल्यावर पर्समधून घडी घातलेला कागद काढतंच, "अगं हे बघ ना काय आलंय". म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी तुमचं घर यात बसतं का ते बघा. ढोबळ नियम असा की १९७४ च्या आधी बांधलेली आणि सहा किंवा जास्त घरं असलेली भाड्याची बिल्डिंग असेल तर स्टॅबिलाइझ्ड असण्याची शक्यता मोठी, पण को-ऑप किंवा काँडो झाली असेल, म्हणजे घरं मालकीची झाली असतील, तर गोष्ट वेगळी, जॅक्सन हाइट्समध्ये तर अशा ढीगभर आहेत. उलट लाँग आयलंड सिटीतल्या काचेच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या आमच्या आयटीवाल्यांना वाटतं आपला काय संबंध, पण टॅक्सची सवलत घेऊन बांधलेल्या बऱ्याच नव्या बिल्डिंगाही यात येतात, लीजसोबत रेंट स्टॅबिलायझेशनचा रायडर, म्हणजे जोडपत्र, जोडलेलं आहे का बघा. आणि नदीपलीकडे जर्सी सिटीत राहणाऱ्यांनी हे वाचून तिकडच्या मालकाशी भांडायला जाऊ नका, ते राज्य वेगळं आणि तिथले नियमही वेगळे.

नक्की कळायचा खात्रीचा मार्ग म्हणजे डीएचसीआरकडून घराची रेंट हिस्टरी मागवायची. डीएचसीआर म्हणजे न्यूयॉर्क राज्याचं घरभाड्याचं खातं, क्वीन्सवाल्यांना सोयीचं म्हणजे त्यांचं भाडेविभागाचं ऑफिस जमेकालाच आहे, युनियन हॉल स्ट्रीटवर. ऑनलाइन मागता येते, पैसे लागत नाहीत. त्यात दर वर्षी मालकाने या घराचं भाडं किती म्हणून नोंदवलं ते ओळीने असतं. ती यादी वरून खाली बोट फिरवत वाचा. ११०२, ११२४, ११४६ असं मुंगीच्या पावलाने चाललेलं भाडं एका वर्षी अचानक १५०० झालेलं दिसलं की तिथे पेन्सिलने गोल करा, कारण त्या उडीमागे बहुतेक वेळा "इम्प्रूव्हमेंट" हाच शब्द असतो.

आता मूळ मुद्दा. स्टॅबिलाइझ्ड घराचं भाडं मालक मनाला येईल तसं वाढवू शकत नाही. एक नेहमीची वाढ असते, ती रेंट गाइडलाइन्स बोर्ड दर वर्षी ठरवतं, म्हणजे १ ऑक्टोबर २०२५ ते ३० सप्टेंबर २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या लीजला एक वर्षासाठी ३ टक्के आणि दोन वर्षांसाठी ४.५ टक्के. त्याच्या वर भाडं चढवायचे मालकाकडे मुख्य रस्ते दोन. तुमच्या घराच्या आत काही नवीन बसवलं तर आयएआय, म्हणजे इंडिव्हिज्युअल अपार्टमेंट इम्प्रूव्हमेंट. आणि अख्ख्या बिल्डिंगसाठी काही मोठं केलं, बॉयलर, खिडक्या, लिफ्ट, छत, तर एमसीआय, मेजर कॅपिटल इम्प्रूव्हमेंट. दोन्हींचे नियम वेगळे, गणित वेगळं, आणि लोक इथेच गोंधळतात.

आपल्या लोकांचा तर अजूनच गोंधळ होतो, त्याचं कारण मला वाटतं आपण मुंबईची पागडी डोक्यात घेऊन येतो. माझं माहेर गिरगावातलं, चाळीतल्या दोन खोल्या. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मालकाला मिळते, पण मूळ भाडंच एवढंसं की ४ टक्के म्हणजे चहाचे पैसे. त्यामुळे आमचा मालक जिन्याची तुटलेली फळीसुद्धा बदलत नव्हता, बाबा आणि शेजारचे काका मिळून बदलायचे. मालकाने स्वतःहून काही नवीन बसवून देणं हे आम्ही कधी बघितलेलंच नाही, म्हणून इथे कोणी नवा फ्रिज देतो म्हटलं की आपण विरघळतो, आणि याचं बिल आपल्याच भाड्यात येणार हे डोक्यात येतच नाही.

घराच्या आतली कामं, म्हणजे आयएआय

हे नीट वाचा कारण सही इथेच मागतात.

तुम्ही घरात राहत असाल तर मालकाला तुमची लेखी संमती लागते, तीही डीएचसीआरच्या ठरलेल्या फॉर्मवर, त्यात काम काय, खर्च किती, भाडं किती वाढणार हे सगळं लिहिलेलं असायला हवं. संमती नाही तर वाढ नाही. घर रिकामं असताना केलं तर मात्र संमतीचा प्रश्नच नाही, ती वाढ नव्या भाडेकरूच्या डोक्यावर आयती बसते, त्याबद्दल खाली लिहिते.

गणित असं. बिल्डिंगमध्ये ३५ पर्यंत घरं असतील तर खर्चाला १६८ ने भागायचं, ३५ पेक्षा जास्त असतील तर १८० ने, येणारा आकडा म्हणजे महिन्याची वाढ. आमच्या बिल्डिंगमध्ये ५४ घरं, म्हणून ९,००० भागिले १८० बरोबर ५०. ऐकायला काही नाही, दोन पिझ्झे. पण वर्षाचे ६००. पंधरा वर्षांत मालकाचे ९,००० पूर्ण वसूल, आणि सोळाव्या वर्षी? तरी ५० चालूच. कारण ही वाढ भाड्याचाच भाग होते आणि गाइडलाइन्स बोर्डाचे दर वर्षीचे टक्के तिच्यावरही लागतात, म्हणजे ते ५० सुद्धा ५० राहत नाहीत. फ्रिज दहा-बारा वर्षांत भंगारात जाईल, त्याचं भाडं मात्र जाणार नाही.

थोडा इतिहास, कारण जुन्या लोकांकडून तुम्ही वेगळे आकडे ऐकाल. जून २०१९ च्या आधी भागाकार ४० आणि ६० ने व्हायचा, म्हणजे हेच ९,००० आम्हाला महिना १५० ला पडले असते आणि छोट्या बिल्डिंगमध्ये २२५ ला, वरची मर्यादाही नव्हती, त्या काळात रिकाम्या घरांत संगमरवरी ओटे बसवून भाडी कुठल्या कुठे गेली. १४ जून २०१९ ला नवा कायदा आला, त्यात १५ वर्षांत फक्त १५,००० डॉलरपर्यंतचाच खर्च धरायचा आणि वाढ ३० वर्षांनी काढून टाकायची असं ठरलं. मालक लोक ओरडले की एवढ्यात जुनी घरं दुरुस्त होत नाहीत, यात थोडं तथ्य होतंच, मी बघितलीयत ती घरं. मग २०२४ मध्ये परत बदल, १७ ऑक्टोबर २०२४ पासून मर्यादा ३०,००० झाली आणि ३० वर्षांनी काढायची अटही गेली. म्हणजे आता जास्तीत जास्त वाढ मोठ्या बिल्डिंगमध्ये १६६.६७ आणि छोट्यात १७८.५७ डॉलर. याच्या वर अजून एक पायरी आहे ५०,००० ची, तिथे भागाकार १४४ किंवा १५६ ने, पण ती फक्त रिकाम्या घरांना आणि तीही आधीचा भाडेकरू सलग २५ वर्षं राहिलेला असेल किंवा घर २०२२, २०२३, २०२४ तिन्ही वर्षी रिकामं म्हणून नोंदलेलं असेल तरच. राहत्या घरात कोणी तुम्हाला ५०,००० चा आकडा दाखवला तर सरळ हसा.

आता मी काय केलं ते सांगते. सुपर गेल्यावर मी मॅनेजमेंट ऑफिसला ईमेल केला, फोन नाही, ईमेल, की फ्रिज नीट बंद होत नाही, आतलं दूध नासतंय, कृपया दुरुस्त करा किंवा चालणारा द्या. कारण फ्रिज घरासोबत आलेला आहे, तो चालू स्थितीत ठेवणं ही त्यांची जबाबदारी, त्यासाठी मी भाडं वाढवून द्यायची गरज नाही. हा फरक सोन्याचा आहे, लक्षात ठेवा, बिघडलं ते चालू करून देणं म्हणजे रिपेअर, ते भाड्यात आधीच आलेलं आहे. नवा कोरा देऊन भाडं वाढवायचं असेल तर ती इम्प्रूव्हमेंट आणि तिला माझी सही लागते. सही नाही दिली तर मालक वापरलेला पण चालणारा फ्रिज देऊ शकतो आणि त्यात गैर काही नाही.

ऑफिसातून आधी फोन आला, बाई गोड आवाजात म्हणाली सगळ्यांनी सह्या केल्यात, तुम्हीच राहिलात. (मजल्यावर विचारलं तर सातपैकी दोघांनी केली होती.) मी म्हटलं ईमेलवर लिहा. नऊ दिवसांनी एक वापरलेला पांढरा फ्रिज आला, एका कोपऱ्याला पोचा, बाकी ठणठणीत, भाडेवाढ शून्य. स्टोव्ह जुनाच आहे, चारी बर्नर चालतात. कॅबिनेट्सना नवऱ्याने स्वतः रंग दिला, त्याचं मात्र काही सांगण्यासारखं नाही.

याचा अर्थ कधीच सही करू नका असा नाही हं. समजा फक्त ९०० चा फ्रिज हवाय, तर ९०० भागिले १८० म्हणजे महिना ५, आणि तुम्ही दोन-तीन वर्षंच राहणार असाल तर चक्क घ्या, स्वतः विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडेल. वीस वर्षं राहायचा विचार असेल तर उलट. पण गठ्ठ्याने घेऊ नका, प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहून मागा, कारण खरी मेख कॅबिनेट्स आणि "लेबर" मध्ये असते. आमच्या ९,००० मध्ये फ्रिज १,४५०, स्टोव्ह १,१०० आणि उरलेले ६,४५० कॅबिनेट आणि काउंटरचे होते, जे मी मागितलेच नव्हते.

अजून तीन-चार गोष्टी आयएआयमध्ये बघायच्या. काम लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून झालेलं हवं आणि तो कॉन्ट्रॅक्टर मालकाच्याच मालकीचा नको, मेहुण्याच्या नावाने काढलेल्या कंपन्यांसाठीच हा नियम आलाय असं आमच्याकडे गमतीने म्हणतात. कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो मालकाला डीएचसीआरकडे द्यावे लागतात, म्हणून तुम्हीही तुमच्या फोनवर तारखेसह काढून ठेवा. आणि घरावर धोकादायक वर्गातली उल्लंघनं, म्हणजे बी आणि सी क्लासची व्हायोलेशन्स उभी असतील तर आधी ती मिटवायला हवीत. ती एचपीडीच्या, म्हणजे शहराच्या घरांच्या खात्याच्या, साइटवर पत्ता टाकून कोणालाही बघता येतात, पाच मिनिटांचं काम आहे.

नव्याने घर घेत असाल तर

इथे तुमची संमती कोणी विचारलेलीच नसते, त्यामुळे कागद मागणं हे एकच हत्यार. लीजसोबतच्या रायडरमध्ये आधीच्या भाडेकरूचं भाडं, त्यावरची गाइडलाइनची वाढ आणि आयएआयची वाढ अशी फोड असते. ती फोड लोक वाचतच नाहीत, ब्रोकर म्हणतो सही करा नाहीतर दुसरा उभाच आहे, आणि खरंच असतो. सही करा बाबा, घर हातचं घालवू नका, पण सही केल्यावर ६० दिवसांच्या आत मालकाला सर्टिफाइड मेलने पत्र पाठवून आयएआयची बिलं आणि पुरावे मागता येतात आणि त्याने ३० दिवसांत द्यायचे असतात. रायडरवर तसा चौकोनही असतो, तो तिथल्या तिथे टिक केला तरी चालतं.

माझ्या भाचीने २०२५ च्या मे महिन्यात ॲस्टोरियात घर घेतलं. आधीचं भाडं १,२००, त्यावर तेव्हाचे एक वर्षाचे २.७५ टक्के म्हणजे १,२३३, आणि वर आयएआय १६६.६७. हा १६६.६७ बघितला की माझ्या डोक्यात घंटी वाजते, कारण तो बरोबर ३०,००० चा भागाकार आहे, पूर्ण मर्यादेला टेकलेला. किचन आणि बाथरूमचा खर्च नेमका ३०,००० डॉलर कसा होईल, किराण्याचं बिलसुद्धा कधी गोल येत नाही. तिला पत्र लिहायला लावलं. ती म्हणे मावशी मी एच-वन-बीवर, कशाला वाकड्यात शिरायचं. तिला म्हटलं यात व्हिसाचा काय संबंध, भाडेकरूचे हक्क व्हिसा बघून मिळत नाहीत, उलट इमिग्रेशनचा धाक दाखवणं हाच इथे छळ धरला जातो. शेवटी पाठवलं. उत्तरात बिलं आली ती सगळी मिळून १८,९०० ची. भागिले १८०, म्हणजे १०५. भाडं १,३९९.६७ चं १,३३८ झालं, महिन्याला ६१.६७ वाचले, वर्षाचे ७४०. एका पत्रावर.

मालकाने नुसतं "चूक झाली" लिहिलं आणि पुढच्या महिन्यापासून कमी केलं तर आधी जास्त घेतलेले पैसेही परत मागा. देत नसेल तर डीएचसीआरकडे ओव्हरचार्जची तक्रार करायची, फॉर्म आरए-८९. सहा वर्षांपर्यंतचं मागचं वसूल होऊ शकतं, आणि मुद्दाम केलंय असं ठरलं तर तिप्पट. वेळ मात्र लागतो, महिने नाही, कधीकधी वर्षंसुद्धा, हे आधीच सांगून ठेवते नाहीतर मला शिव्या घालाल.

अख्ख्या बिल्डिंगचं काम, म्हणजे एमसीआय

यात तुमची सही नको असते पण मालकाला डीएचसीआरची ऑर्डर लागते. ऑर्डर येईपर्यंत एक पैसाही द्यायचा नाही. लॉबीत नोटीस चिकटवली की "नवीन बॉयलरमुळे पुढच्या महिन्यापासून ४० डॉलर जास्त", तर ती नोटीस म्हणजे रद्दी, फोटो काढा आणि जुनंच भाडं भरा.

प्रक्रिया अशी, काम संपल्यापासून दोन वर्षांच्या आत मालक अर्ज करतो, मग तुम्हाला डीएचसीआरकडून पत्र येतं, त्यात डॉकेट नंबर (केसचा क्रमांक), काय काम, किती खर्च, किती वाढ मागितलीय हे असतं आणि उत्तर द्यायची मुदत असते. आपले बहुतेक लोक हे पत्र जाहिरात समजून टाकून देतात, किंवा घाबरून कोणाला तरी विचारत बसतात आणि मुदत जाते. उत्तर द्या. एकट्याने नाही, मजल्यावरच्या लोकांना घेऊन. आमच्या बिल्डिंगमध्ये बांगलादेशी, कोलंबियन, तिबेटी, नेपाळी आणि आम्ही दोन मराठी घरं, लाँड्री रूममध्ये बसून सगळ्यांनी मिळून एक पत्र केलं, सह्या चार लिप्यांत होत्या.

काय लिहायचं त्यात? पहिलं, हे काम एमसीआयमध्ये बसतं का. बिल्डिंग टिकायला, ऊर्जा वाचायला, नीट चालायला लागणारं आणि सगळ्यांना उपयोगी असं काम हवं. बॉयलर, छत, वायरिंग, पाइप, लिफ्ट हे बसतं. नुसती डागडुजी बसत नाही, आणि लॉबीत नवे सोफे, भिंतीला संगमरवर असली शोभेची कामं तर नाहीच नाही. दुसरं, जुन्या वस्तूचं आयुष्य संपलं होतं का, प्रत्येक गोष्टीचं ठरलेलं आयुष्य आहे, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं २० वर्षं, तर १२ वर्षांपूर्वी बसवलेल्या खिडक्या परत बदलून पैसे मागत असेल तर ते लिहा. तिसरं, काम खरंच झालं का आणि नीट झालं का. नवीन बॉयलर बसवला म्हणे, आणि जानेवारीत रेडिएटर थंड? १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली असेल तर घरात ६८ हवंच, रात्री ६२. थंडी पडली की त्याच दिवशी ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरला, तक्रार करायची सवय लावा, कारण तुमच्या तक्रारीवरून नोंदलेलं व्हायोलेशन उभं असेल तर एमसीआय अडतो, इथेही बी आणि सी क्लासची उल्लंघनं मिटवल्याशिवाय मंजुरी नाही. नुसतं "फार गार होतं" म्हणण्यात अर्थ नाही, आमच्या खालच्या मजल्यावरच्या नेपाळी दादांनी थर्मामीटर हातात धरून मागे घड्याळ दिसेल असे अकरा दिवसांचे फोटो लावले होते, तेवढा एक पुरावा आमच्या चार पानांच्या इंग्रजीपेक्षा भारी होता.

चौथं, खोल्या मोजा. हे कोणी करत नाही आणि गंमत इथेच आहे, कारण एमसीआय घरावर नाही, खोलीवर लागतो. उदाहरण घ्या, बॉयलरचा खर्च ३,००,००० डॉलर, ६० घरांची बिल्डिंग, सगळ्या मिळून २४० खोल्या. ३५ पेक्षा जास्त घरं म्हणून खर्चाला १५० महिन्यांनी भागायचं, छोटी बिल्डिंग असेल तर १४४ ने. ३,००,००० भागिले १५० म्हणजे २,०००, भागिले २४० खोल्या म्हणजे खोलीला ८.३३. तुमच्या चार खोल्या धरल्या तर ३३.३३. बाथरूम खोलीत धरत नाहीत. आता मालकाने एकूण खोल्या २४० च्या ऐवजी २१० दाखवल्या तर सगळ्यांचाच दर वाढतो की नाही? खाली दुकानं असतील तर त्यांचा वाटा वेगळा काढलाय का हेही बघा. आमच्याकडे तळमजल्यावर एक डेली (सँडविच-किराण्याचं छोटं दुकान) आणि एक सलून आहे, ही दोन्ही पहिल्या अर्जात गायबच होती.

मंजुरी मिळाली तरी एकदम सगळं अंगावर येत नाही. वर्षाला भाड्याच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त एमसीआय घेता येत नाही, पूर्वी हे ६ टक्के होतं. भाडं १,५०० असेल तर पहिल्या वर्षी ३० आणि उरलेले ३.३३ दुसऱ्या वर्षी. मागच्या तारखेपासून वसुली नाही. आणि आयएआयसारखं नाही, ही वाढ ३० वर्षांनी भाड्यातून काढावी लागते, तारीख लिहून ठेवा, मालक आपणहून आठवण करणार नाही, तोपर्यंत पोरं तुमच्या घरात राहत असतील कदाचित. शिवाय बिल्डिंगमधली ३५ टक्के किंवा त्याहून कमीच घरं स्टॅबिलाइझ्ड उरली असतील तर मालकाला एमसीआय मिळतच नाही.

ऑर्डर विरुद्ध गेली तर ३५ दिवसांत डीएचसीआरकडेच फेरविचाराचा अर्ज टाकता येतो, त्याला पीएआर म्हणतात. ३५ म्हणजे ३५, आणि ते ऑर्डरच्या तारखेपासून, तुम्ही पत्र उघडलं त्या तारखेपासून नाही, म्हणून सुट्टीत भारतात जाताना शेजाऱ्याला मेलबॉक्सची किल्ली देऊन जा. आम्ही दुकानांचा मुद्दा पहिल्या उत्तरातच लिहिला होता, तेवढा मान्य झाला, घरटी दोन-सव्वादोन डॉलर कमी झाले. बाकी बॉयलर चांगला होता हो, खोटं कशाला बोलू, आता हिवाळ्यात घरात बनियनवर फिरतो माणूस.

घरात ६२ किंवा त्याहून जास्त वयाचं कोणी असेल आणि लीज त्यांच्या नावावर असेल तर वरचं अर्ध वाचायची गरजच पडणार नाही कदाचित. स्क्री नावाची योजना आहे, घरातलं एकूण उत्पन्न ५०,००० डॉलरपर्यंत आणि उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाड्यात जात असेल तर भाडं गोठवून मिळतं, पुढच्या वाढी, एमसीआयसकट, सिटी मालकाला टॅक्समधून भरून देते. अपंगांसाठी तसंच ड्री. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हे चार वर्षं माहीतच नव्हतं, मुलगा टेक्सासला, यांना कोण सांगणार. अर्ज भरायला मला एक दुपार लागली, त्यातला निम्मा वेळ काकूंचे टॅक्सचे कागद बिस्किटांच्या डब्यातून शोधण्यात गेला. मागची चार वर्षं मिळाली नाहीत, म्हणून बसत असाल तर आजच भरा.

आणि ते "मालक चिडला तर घरातून काढेल" वालं. स्टॅबिलाइझ्ड घरात लीज रिन्यू करून मिळणं हा तुमचा हक्क आहे, एक वर्षाची की दोन वर्षांची हेही तुम्हीच निवडता, मालकाने लीज संपायच्या १५० ते ९० दिवस आधी ऑफर पाठवायची असते. तुम्ही तक्रार केल्यापासून वर्षभरात त्याने काही वाकडं पाऊल उचललं तर ते सूड म्हणूनच केलं असं कायदा आधी धरून चालतो, तसं नाही हे मालकाने दाखवायचं. फक्त एक करू नका, रागाने भाडं बंद करू नका. वादातली जादा रक्कम सोडून बाकी भाडं वेळेवर, चेकने किंवा ऑनलाइन, रोख कधीच नाही, आणि किती व का भरतोय ते ईमेलमध्ये एका ओळीत.

कागद ठेवायला मी आमच्या त्या वादग्रस्त कॅबिनेटचा एक खण दिलाय, सगळ्या लीज, रायडर, रेंट हिस्टरी, सर्टिफाइड मेलच्या हिरव्या पावत्या आणि तो सुपरने आणलेला न सही केलेला फॉर्म, त्यावर कुकरच्या वाफेचा डाग अजून आहे.